पंगत आणि झांकून ठेवलेलें ताट

गेल्या आषाढांतील गोष्ट. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांस घरांतील लहानथोर सर्व मंडळी आक्का म्हणतात, कल्याणास एका रुग्णालयांत होत्या. शस्त्रक्रिया व्हावयाची होती, बाहेर पावसानें धिंगाणा मांडला होता, आणि सायंकाळीं सातच्या सुमारास डॉक्टरांनीं सांगितलें कीं, रक्त लागेल व तें आज रात्रींच लागेल. आक्कांच्या रक्ताचा वर्ग 'ओ निगेटिव्ह', म्हणजे शेंकडा थोड्यांचाच. रक्तपेढींत त्या वर्गाची एकच पिशवी शिल्लक होती. आमच्या भाच्यानें लगोलग फोन काढून कुटुंबाच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. या ग्रुपांत आम्ही सतरा जण आहों. माजिवड्याचें आमचें बिऱ्हाड, डोंबिवलीस धाकटे बंधु व त्यांची मंडळी, कल्याणास आक्कांचें घर, पुण्यास आमची कन्या, आणि सातासमुद्रांपलीकडे गेलेलीं दोन बिऱ्हाडें.

पांच मिनिटांच्या आंत पंधरा जणांचीं उत्तरें आलीं. अमेरिकेंतील भाचीचें उत्तर तर माजिवड्याहून लिहिलेल्या आमच्या उत्तराच्याहि आधीं आलें. परंतु ज्याचें रक्त आक्कांस चालणारें होतें, तो डोंबिवलीचा आमचा पुतण्या मात्र गप्प! फोन लावावा तर 'संपर्क होऊं शकत नाहीं' हें एकच पालुपद. तो मुंबईहून आगगाडीनें घरीं निघाला होता आणि पाण्यामुळें त्याची गाडी कळव्याच्या पुढें पारसिकच्या बोगद्यांत उभी राहिली होती. हा बोगदा १९१६ सालचा. डोंगराच्या पोटांतून जवळ जवळ सव्वा किलोमीटर जातो. त्या दगडाखालीं पुतण्याच्या फोनला टॉवर सांपडेना. अर्धा तास आम्ही दिवाणखान्यांत येरझारा घालीत होतों. नंतर एकाएकीं पडद्यावर त्याचे शब्द उमटले, "मुंब्रा ओलांडलें. डोंबिवलीस न उतरतां थेट कल्याणला येतों." त्याचें रक्त तपासून रात्रीं उशिरां तें कामीं आलें. आक्का आज घरीं आहेत आणि पूर्वीप्रमाणेंच आम्हांस रागें भरतात.

संकट टळल्यावर मनुष्यास प्रश्न सुचूं लागतात. आमच्या मनांत एक प्रश्न घोळूं लागला. त्या अर्ध्या तासांत तो निरोप कोठें होता? सोळा जणांस एकदम गेलेली वस्तु एकासच मागाहून कशी मिळते? पुतण्या मुंबईंत संगणकांचीं जाळीं राखण्याचें काम करतो. पुढील रविवारीं तो माजिवड्यास आला तेव्हां आम्हीं त्यास विचारलें, "अरे, ग्रुपवर एकदां लिहिलें कीं तें सगळ्यांस एकदम जातें ना?"

तो हंसला. म्हणाला, "काका, ग्रुप तुमच्या पडद्यावर आहे, रस्त्यावर नाहीं."

या एका वाक्याचा उलगडा त्यानें दोन तास केला. चाळीस वर्षें फळ्यापुढें उभे राहिलेले आम्ही त्या दिवशीं बांकावर बसलों. जें कळलें तें आमच्या पद्धतीनें वाचकांस सांगतों. कारण या निरोपांवर आज प्रत्येक घराचा व्यवहार चालला आहे, आणि ज्यावर विसंबावें त्याची रीत ठाऊक असणें बरें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हा विषय कठीण वाटूं नये. आमच्या बालपणीं ठाण्याच्या जुन्या वाड्यांत पंचवीस पानें उठत. जेवण पोंचविण्याच्या तीन रीती तेथें होत्या. आजारी माणसास त्याच्या खोलींत ताट नेऊन देत. एका माणसासाठीं एक खेप. हें एकप्रेषण. दुसरी रीत, वहिनींनीं माजघराच्या दारांतून "पानें वाढलीं हो!" अशी हांक मारणें. ती वाड्यांतील सर्वांच्या कानीं पडे, शेजाऱ्यांच्याहि पडे. कोण ऐकतो याची विचारपूस हांकेला नसते. हें सर्वप्रेषण. तिसरी रीत पंगतीची. ज्यांस जेवावयाचें आहे ते आपण होऊन पाटावर येऊन बसतात, वाढपी एकदांच रांगेंतून जातो, आणि जो बसला त्याच्या पानांत पडतें. वाढप्यास कोणाचें नांव ठाऊक असण्याचें कारण नाहीं. यासच इंग्रजींत मल्टिकास्ट म्हणतात. आम्ही समूह-प्रेषण म्हणूं.

आतां आमच्या कुटुंबाच्या ग्रुपाकडे पाहा. नांव ग्रुपाचें, पण काम खोलींत ताट नेऊन देण्याचें. भाच्याच्या फोनांतून निरोप निघाला तो एकच. व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरानें, म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकानें, त्याच्या सोळा प्रती करून सोळा फोनांच्या वाटेस लावल्या. माजिवड्याच्या आमच्या घरांत पांच फोन आहेत. पांचहि एकाच छपराखालीं, एकाच टॉवराच्या छायेंत. तरी पांच निरनिराळ्या प्रती समुद्राखालच्या, जमिनीखालच्या व आकाशांतल्या त्याच त्या मार्गांनीं एकीमागून एक आल्या. चार ओळींच्या निरोपास याची फिकीर नाहीं. परंतु १०२४ माणसांपर्यंत वाढणाऱ्या ग्रुपांत कोणी लग्नाचें चलच्चित्र टाकतो तेव्हां तेंच ओझें हजार वेळां वाहिलें जातें.

याहून मोठें उदाहरण घ्या. १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं अहमदाबादेस क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तो डिस्ने-हॉटस्टारवर एके क्षणीं ५ कोटि ९० लाख ठिकाणीं एकदम पाहिला जात होता. चेंडू एक, फलंदाज एक, क्षणहि एक. परंतु प्रत्येक पाहणाऱ्यास चित्राचा स्वतंत्र ओघ पुरविला जात होता. गांवोगांव उपकोठ्या उभारून तें ओझें वांटून घेतलें गेलें खरें, तरी शेवटच्या टप्प्यांत, टॉवरापासून हातांतील फोनापर्यंत, ज्याचा ओघ त्याला. एका टॉवराखालीं दोनशें जण पाहात असले तर तेंच चित्र आकाशांतून दोनशें वेळां उतरतें. पंचवीस जणांच्या वाड्यांत प्रत्येकास खोलींत ताट नेऊन द्यावयाचें ठरलें तर स्वयंपाकघराच्या दारांत काय गर्दी होईल, याची कल्पना सुगृहिणींनींच करावी.

ही उधळपट्टी टाळण्याचा मार्ग फार पूर्वीं शोधला गेला आहे. अमेरिकेंतील स्टॅन्फर्ड विद्यापीठाचे संशोधक स्टीव्ह डीअरिंग यांनीं १९८९ सालीं इंटरनेटवरील समूह-प्रेषणाचे नियम लिहून प्रसिद्ध केले. इंटरनेटवर प्रत्येक यंत्रास एक अंकांचा पत्ता असतो. त्या पत्त्यांपैकीं ज्यांचा पहिला अंक २२४ पासून २३९ पर्यंत आहे, ते सर्व कोणा एका यंत्राचे नसून पंगतीचे होत. ज्यास ऐकावयाचें आहे त्यानें आपल्या जवळच्या राउटरास, म्हणजे वाटा दाखविणाऱ्या यंत्रास, एवढेंच कळवावयाचें कीं, 'अमुक पंगतींत मला घ्या.' बोलणाऱ्यानें श्रोत्यांची यादी ठेवावयाची नाहीं. राउटरानेंहि नांवें लिहावयाचीं नाहींत. 'या दिशेस कोणीतरी बसलें आहे' इतकें ध्यानांत ठेवलें कीं पुरे.

आमच्या माजिवडा नाक्यावर उभें राहिल्यास हें डोळ्यांनीं दिसेल. मुंबईकडून पूर्व द्रुतगति मार्ग येतो. येथून एक फांटा घोडबंदरकडे जातो, दुसरा खाडी ओलांडून नाशिककडे, आणि आंतला रस्ता ठाणें शहरांत शिरतो. समजा, मुंबईहून एका मासिकाचे अंक निघाले. शहाणा व्यापारी तीन गाड्या मुंबईपासून पाठविणार नाहीं. एकच गाडी नाक्यापर्यंत आणील, आणि जेथें रस्ते फुटतात तेथेंच गठ्ठे वेगळे करील. समूह-प्रेषणांत राउटर हाच नाका. वाट एक असेपर्यंत प्रत एक. जेथें वाट फुटते तेथेंच प्रत फुटते. आणि ज्या वाटेवर कोणी वाचक नाहीं तिकडे कांहींच जात नाहीं. आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्यांस यांत पाणिनींची अनुवृत्ति आठवावी. एका सूत्रांत पद एकदां उच्चारावयाचें, आणि पुढच्या ज्या ज्या सूत्रांस त्याची गरज तेथें तें आपोआप उतरावयाचें. पुन्हां उच्चार नाहीं, वजन नाहीं.

१९९२ च्या मार्चमध्यें अमेरिकेंत सॅन डिएगो येथें भरलेल्या इंटरनेटच्या अभियंत्यांच्या सभेंतील भाषणें या रीतीनें २० ठिकाणीं एकदम ऐकविण्यांत आलीं. सर्वांस वाटलें, आतां रस्ता मोकळा झाला. तरीहि तीस वर्षांनंतर ५ कोटि ९० लाख लोकांस ताटें खोलींत न्यावीं लागलीं, तीं कां?

कारणें अनेक आहेत. पंगतीचा हिशेब प्रत्येक नाक्यास ठेवावा लागतो, आणि परक्याच्या पंगतीचा हिशेब फुकट कोण ठेवणार? पैसे कोणी कोणास द्यावेत हें ठरेना. वाटेल त्यानें पंगतींत वाटेल तें वाढलें तर आवरणार कोण, हाहि प्रश्न होताच. म्हणून ज्याचें जाळें त्याच्या कुंपणाच्या आंत, जसें तारेनें घरोघर दूरदर्शन पुरविणाऱ्या कांहीं कंपन्यांत, ही रीत उत्तम चालली. कुंपणाबाहेर सार्वजनिक रस्त्यावर ती रुजली नाहीं. परंतु आमच्या आक्कांच्या गोष्टीस लागू पडणारें कारण निराळेंच आहे. पंगतीचा नियम असा कीं, जेवणारा आपल्या पाटावर बसलेला हवा. आणि मोबाइल बाळगणारा मनुष्य क्षणभरहि पाटावर बसत नाहीं!

मासिकाच्या वर्गणीदारांस हें चटकन कळेल. समजा, ठाण्याचे एक वर्गणीदार चार महिन्यांकरितां नाशकास गेले. अंक त्यांस कसा मिळावा? मार्ग दोन. पहिला, ठाण्याच्या टपालकचेरीस सांगून ठेवावयाचें कीं, माझें टपाल आलें कीं नव्या पाकिटांत घालून नाशकास धाडा. दुसरा, जुनी वर्गणी सोडून नाशकाच्या विक्रेत्याकडे अंक लावावयाचा. फिरत्या यंत्रांसाठीं १९९६ सालीं जे नियम प्रसिद्ध झाले त्यांत नेमक्या याच दोन वाटा सांगितल्या आहेत. मूळ गांवच्या प्रतिनिधीनें माल पाकिटांत घालून पुढें धाडावा, अथवा जेथें जाल तेथें पंगतींत नव्यानें बसावें.

दोहींतहि गोम आहे. पहिल्या वाटेनें समजा ठाण्याचे दहा वर्गणीदार नाशकाच्या एकाच आळींत गेले. मग ठाण्याची कचेरी तोच अंक दहा पाकिटांत घालून दहा वेळां त्याच आळीस पाठविते. पंगत मोडून पुन्हां ताटेंच झालीं! दुसऱ्या वाटेनें प्रती वांचतात, पण प्रत्येक मुक्कामीं नव्यानें नांव घालावें लागतें, आणि मध्यंतरींचें जें गेलें तें गेलें. शिवाय जुन्या गांवच्या विक्रेत्यास आपण निघाल्याचें सांगितलें नाहीं तर तो बिचारा अंक आणीतच राहतो.

या शेवटच्या अडचणीचा हिशेब मोठा मौजेचा आहे. राउटर नांवें लिहीत नाहीं हें वर सांगितलेंच. म्हणून तो ठराविक काळानें हांक देतो, 'या पंगतींत कोणी आहे काय?' नेहमींच्या नेमणुकीप्रमाणें ही हांक १२५ सेकंदांनीं एकदां होते. दोन हांका रिकाम्या गेल्या आणि वर १० सेकंद वाट पाहिली, म्हणजे एकंदर २६० सेकंद झाले, तरच तो वाढणें थांबवितो. घरीं बसलेल्या श्रोत्यास हा नियम सोईचा आहे. पण लोकल ताशी ६० किलोमीटरच्या वेगानें धांवत असेल तर २६० सेकंदांत ती सव्वाचार किलोमीटर पुढें जाते. प्रवासी केव्हांच निघून गेला, आणि मागें रिकाम्या पाटापुढें चार मिनिटें वाढप चालूंच! एकंदर आकाश तेवढेंच असल्यामुळें तें वाया गेलेलें वाढप दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडचें असतें. त्याच वेळीं पुढच्या मुक्कामावर तोच प्रवासी उपाशी, कारण तेथील हांक अजून व्हावयाची आहे.

२०११ सालीं याजवर एक व्यवहार्य तोड प्रसिद्ध झाली. तीप्रमाणें चालत्या फोनास स्वतः कांहींच करावें लागत नाहीं. कांहीं टॉवरांचें मिळून जाळ्यांत एक दार असतें. दाराशीं नवा फोन आला कीं दारवानच तत्काळ विचारतो, 'आपण कोणत्या पंगतींत होतां?' आणि उत्तर मिळतांच त्याच्या वतीनें आंतल्या कोठीकडे मागणी नोंदवितो. एकाच दाराशीं उभ्या असलेल्या व एकाच कोठीच्या दहा जणांची मागणी एकच धरावयाची, म्हणजे दहा पाकिटांचा घोळहि बराच आवरतो. मात्र दहा जण दहा निरनिराळ्या कोठ्यांचे असले तर तो पुन्हां उद्भवतो, हें त्या तोडीच्या कर्त्यांनींच नमूद करून ठेवलें आहे. इतका प्रामाणिकपणा पाठ्यपुस्तकांतहि क्वचित् आढळतो.

आणि वक्ताच चालूं लागला तर? श्रोता हलला म्हणजे झाडाची एक फांदी हलते. वक्ता हलला म्हणजे मूळच उपटलें जातें. सारे नाके त्याच्या पत्त्यावरून दिशा ठरवितात, आणि अपेक्षित दिशेनें न आलेला माल संशयित समजून टाकून देतात. कीर्तनकार चालत्या लोकलमधून कीर्तन करूं लागले तर प्रत्येक स्थानकावर मंडप नव्यानें उभारावा लागेल, असा हा प्रकार आहे.

शेवटची अडचण हवेची. तारेंतून एक प्रत सर्वांस सारखीच पोंचते. हवेंत तसें नाहीं. टॉवराजवळच्या फोनास स्वच्छ ऐकूं येतें, भिंतीआडच्यास अस्पष्ट. एकास एक सांगतांना ज्याची जशी ग्रहणशक्ति तसा वेग ठेवतां येतो. परंतु एकच प्रत सर्वांसाठीं सोडावयाची तर सर्वांत दूरच्यास समजेल अशा मंद गतीनें सोडावी लागते. घरांतील वायफायवर समूह-प्रेषण बहुधा अगदीं खालच्या वेगानें होतें तें याच कारणामुळें. आणि पोंचल्याची पावतीहि त्यांत कोणी देत नाहीं. साठ मुलांच्या वर्गास आम्ही हेंच करीत होतों. शेवटच्या बांकावरच्या मुलास समजेल अशा चालीनें शिकवावें तर पुढचीं मुलें जांभया देत. कित्येक वायफाय यंत्रें तर पंगतीचा माल दारापर्यंत एकत्र आणतात आणि शेवटच्या टप्प्यांत मुद्दाम सुटा करून ज्याचा त्यास देतात. कारण चार जणांस निरनिराळें पण भरभर देणें हें एकदांच सावकाश देण्यापेक्षां कधीं कधीं स्वस्त पडतें.

तरीहि प्रयत्न थांबलेले नाहींत. दक्षिण कोरियांतील केटी या कंपनीनें जानेवारी २०१४ मध्यें मोबाइलच्या टॉवरांवरून एकच चित्र सर्वांस देण्याची सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू केली. पांचव्या पिढीच्या मोबाइलचे जे नियम २०२२ सालीं ठरले त्यांत समूह-प्रेषणास स्वतंत्र स्थान मिळालें. आपल्या देशांत २०२३ सालीं बंगळूर, नोएडा व दिल्लीचा कर्तव्यपथ या ठिकाणीं, इंटरनेट न वापरतां दूरचित्रवाणी थेट मोबाइलवर उतरविण्याच्या चांचण्या झाल्या. त्यांत कानपूरच्या आय. आय. टी.चा सहभाग होता.

वहिनींच्या हांकेचा, म्हणजे सर्वप्रेषणाचा, अनुभव तर वाचकांपैकीं पुष्कळांनीं स्वतःच घेतला असेल. २० जुलै २०२३ रोजीं सकाळीं साडेदहाच्या सुमारास आमच्या घरांतील फोन एकदम किंचाळले. सूनबाईंच्या हातांतून पळी पडली. पडद्यावर सरकारच्या दूरसंचार विभागाचा संदेश होता, आधीं इंग्रजींत व मागाहून मराठींत, कीं ही केवळ चांचणी आहे. या रीतीस सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. टॉवर आपल्या छायेंतील सर्व फोनांस एकदम सांगतो. कोणाचा नंबर विचारीत नाहीं, यादी ठेवीत नाहीं. म्हणून माणसें कितीहि असोत, चालतीं असोत वा बसलेलीं, त्यास फरक पडत नाहीं. आणि जुन्या दवंडीवाल्याप्रमाणें तो तीच हांक थांबून थांबून पुन्हां देतो, म्हणजे उशिरां त्या छायेंत शिरलेल्यासहि ती ऐकूं येते.

त्या सकाळीं आम्ही या किंकाळीवर हंसूं शकलों नाहीं. आदल्याच रात्रीं रायगड जिल्ह्यांत खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला होता आणि तिच्या बातम्या येत होत्या. चांचणीचा त्या अपघाताशीं संबंध नव्हता. ती पूर्वनियोजित होती. पण दोन्ही गोष्टी एका सकाळीं कानीं पडल्या, आणि २६ जुलै २००५ चा दिवस आठवला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, सर्वांनीं सर्वांस एकदम फोन केले, आणि सारे फोन मुके झाले. ज्याचें त्याचें ताट स्वतंत्र नेण्याची पद्धत नेमकी संकटाच्या वेळींच दाटीनें गुदमरते. त्या वेळीं एकच हांक सर्वांस देणारा दवंडीवाला हवा असतो.

तर मग पंगत श्रेष्ठ, ताट कनिष्ठ, असा निकाल आम्ही द्यावा काय? पुतण्याचें व्याख्यान येथवर आलें तेव्हां आमचा तोच निकाल झाला होता. आम्हीं त्यास म्हटलें, "मग आपल्या ग्रुपाचीहि पंगतच कां करीत नाहींत? सोळा प्रती कशास?"

तो म्हणाला, "काका, पंगत असती तर मी बोगद्यांत असतांना वाढपी पुढें निघून गेला असता. माझ्या पानांत कांहींच पडलें नसतें, आणि पडलें नाहीं हें कोणाला कळलेंहि नसतें."

आमच्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळालें. त्या अर्ध्या तासांत निरोप सर्व्हरावर थांबला होता. पुतण्याच्या नांवाची प्रत निराळी होती म्हणूनच ती निराळी राखून ठेवतां आली. असा न पोंचलेला निरोप तेथें ३० दिवसांपर्यंत राहूं शकतो. गाडी बोगद्याबाहेर आली, फोनास टॉवर सांपडला, आणि राखलेली प्रत तत्क्षणीं हातीं आली. जी सोळा प्रतींची उधळपट्टी आम्हीं नुकतीच निंदिली होती, तिच्यांतलीच एक प्रत आक्कांच्या उपयोगीं पडली.

वाड्यांतील पंगतीची एक बाजू आम्ही वर सांगावयास विसरलों होतों. पंगत उठल्यावर वहिनी प्रथम पाहात, कोण यावयाचें राहिलें आहे. मोजून तेवढीं ताटें वाढून, पालथें ताट घालून, चुलीजवळ झांकून ठेवीत. आमचे वडील रात्रीं दहाच्या गाडीनें येत. त्यांचें ताट कधीं चुकलें नाहीं. पंगतीनें कष्ट वांचतात, झांकलेल्या ताटानें माणूस वांचतो. ज्या घरांत नुसतीं ताटें त्या घरीं स्वयंपाकीण थकते. ज्या घरांत नुसती पंगत त्या घरीं उशिरां येणारा उपाशी निजतो.

आणि नवल असें कीं, मोबाइलवरील समूह-प्रेषणाचे नियम करणाऱ्यांनींहि अखेर हेंच केलें आहे. एखादें मोठें पुस्तक अथवा चित्रपट टॉवरावरून सर्वांस एकदांच द्यावयाचा. मग ज्या फोनाचे कांहीं तुकडे वाटेंत गळले असतील त्यानें तेवढेच तुकडे मागाहून स्वतंत्रपणें मागून घ्यावयाचे. वर अशीहि मेख कीं, मागणी करण्यापूर्वीं प्रत्येक फोनानें कमीअधिक क्षण थांबावयाचें, म्हणजे सर्वजण एकदम पातेल्यावर तुटून पडणार नाहींत. आमच्या वहिनींनीं हे नियम वाचले असते तर यांत नवें तें काय, असेंच त्या म्हणाल्या असत्या.

त्या रविवारानंतर आमच्या घरीं तीन गोष्टी ठरल्या आहेत; वाचकांस पटल्या तर त्यांनींहि आचरून पाहाव्यात. पहिली, लग्नामुंजींचीं मोठमोठीं चलच्चित्रें सतरा जणांच्या ग्रुपावर घालावयाचीं नाहींत. ज्यास हवें तो मागून घेईल. दुसरी, संकटाचा इशारा देणारी फोनांतील सोय आवाजाला भिऊन कोणी बंद करावयाची नाहीं. दवंडी ऐकूं येणें हें गांवांत राहण्याचें पहिलें लक्षण आहे. तिसरी सर्वांत महत्त्वाची. तांतडीचा निरोप ग्रुपावर टाकला म्हणजे कर्तव्य संपलें असें समजावयाचें नाहीं. माजिवडें, डोंबिवली, कल्याण, पुणें, या प्रत्येक बिऱ्हाडांत एका जबाबदार व्यक्तीनें आपल्या माणसांची मोजदाद करावयाची, आणि ज्याचें उत्तर आलें नाहीं त्याचा पाठपुरावा तो मिळेपर्यंत करावयाचा. गाडी, शेजारी, स्थानक, वाटेल तो मार्ग धरून.

यंत्र निरोप राखून ठेवील. पण पंगतींतला कोणता पाट रिकामा आहे, हें पाहणारें माणूस घरांत असावें लागतें. आक्का रुग्णालयांतून आल्या त्या दिवशीं माजिवड्यास सारीं जमलीं होतीं. पुतण्यास पुन्हां उशीर झाला. पावसानें गाडी पुन्हां अडली होती. तो आला तेव्हां पंगत उठून तास झाला होता. आक्कांनीं कोणास न सांगतां त्याचें ताट झांकून ठेवलें होतें.